पॅलेटं आणि न झालेलं भरीत

शेवटी जितेंद्रशेठनी भर कारखान्यात, सगळ्यांसमोर, हात जोडून रूपालीची माफी मागितली.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. आम्ही तर ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी विसरलो. तशी आम्हाला सूचना आहे.

तर, जे झालेलं नाही ते कसं झालं, ते सांगतो.

जळगावच्या एमआयडीसीत, एका डाळमिलच्या भिंतीला लागून आमचा कारखाना आहे. शेतातल्या पंपाचे ऑटो स्टार्टर बनवतो आम्ही. शेतकऱ्यानं घरी खाटेवर पडल्या पडल्या मोबाइल लावला की तिकडे शेतात मोटार सुरू. मी टेस्टिंगला आहे. माझ्या टेबलावर मोटारींऐवजी बल्ब आहेत. स्टार्टरच्या आतला सर्किट बोर्ड जोडायचा, त्याला फोन लावायचा, बल्ब पेटला की बोर्ड पास. दिवसभर फोन करतो आणि समोरून कुणीच बोलत नाही, त्याचा मला पगार मिळतो.

माझ्या आधी बोर्ड जातो लाटेवरून. ही लाट वितळलेल्या सोल्डरची, म्हणजे कथील आणि शिसं. यंत्राच्या पोटातून अडीचशे अंशांवर ती उसळत असते. बोर्ड वरून सरकतो, लाट त्याला खालून चाटते, आणि रिलेचे, कनेक्टरचे खाली आलेले पाय एका दमात पक्के होतात. अडचण एकच. बोर्डाच्या खालच्या अंगाला मोहरीएवढे पार्ट आधीच बसवलेले असतात. त्यांना लाट लागली की दोन पार्टांमध्ये सोल्डरचा पूल होतो आणि बोर्ड स्वतःच्या मनाचा मालक होतो. म्हणून बोर्ड पॅलेटात बसवून पाठवायचा. पॅलेट म्हणजे काळ्या, टणक फायबरचा जाड ट्रे. बारीक पार्ट झाकून राहावेत म्हणून त्यात खोलगट खण कोरलेले, आणि पाय लाटेत बुडावेत म्हणून आरपार खिडक्या. खण आणि खिडकी यांच्यामधली भिंत नखाएवढी पातळ. ती भिंत शाबूत तर बोर्ड शाबूत, आणि बोर्ड शाबूत तर आमच्या नोकऱ्या.

ही पॅलेटं रूपालीच्या ताब्यात. रूपाली सोनगीरची, धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेली. तिचा आवाज डाळमिलच्या आवाजाच्या वरून येतो. शिफ्ट संपली की ती पॅलेटं धुते. सोल्डर धरावं म्हणून बोर्डावर आधी फ्लक्स फवारतात, तो जळून पॅलेटवर कढईतल्या काकवीसारखा बसतो. तो कोमट द्रावणात भिजवायचा आणि मऊ ब्रशनं सोडवायचा. खरवडायचा नाही. मग पॅलेट वाळवून ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवायचं आणि चारी कोपरे दाबायचे. डुगडुगलं की समजायचं, वाकलं. मग बॅटरी मारून एकेक भिंत बघायची. हे सगळं करताना ती कुणाशी बोलत नाही. फक्त कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅलेटजवळून गेलं तर बोलते, आणि तो माणूस मग आठवडाभर कुणाशी बोलत नाही.

जुनी पॅलेटं झिजून चाळण झाली होती. नवी पुण्याहून करून आणावी लागतात. त्यासाठी ती वर्षभर शेठच्या केबिनच्या चकरा मारत होती. शेठ दरवेळी म्हणायचे, "बघू." शेवटी एका मीटिंगमध्ये तिचा संयम सुटला.

"शेठ, असं मटेरियल आहे हे, की यावर वांगी भाजा, वाकणार नाही!"

शेठना वांग्यांचं समजलं. बारा पॅलेटं मंजूर झाली. आमच्याकडे तांत्रिक मुद्दा पटवायचा असेल तर तो भाजीपर्यंत आणावा लागतो.

त्या मीटिंगला हितेंद्रभाऊ बसले होते. हे शेठचे मेहुणे, धुळ्याहून आणलेले. त्यांचं खातं प्रशासन, म्हणजे चाव्या. बाथरूमची चावी, स्टोअरची चावी, पॅलेटच्या कपाटाची दुसरी चावी, सगळ्या त्यांच्या कमरेला. चालताना बैलगाडी आल्याचा भास होतो. ते मीटिंगमध्ये कधीच काही लिहून घेत नाहीत. पण वांगी शब्द आला तेव्हा त्यांनी मान वर केली होती, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, भूक लागली असेल.

थंडी पडली की आपल्याकडे भरीत पार्टी होते. ती केली नाही तर त्या कंपनीला कामगार मिळत नाहीत, असा समज आहे आणि तो बरोबर आहे. शेठच्या सावद्याकडच्या शेतात रविवारी पार्टी ठरली. सगळी व्यवस्था हितेंद्रभाऊंची. रूपाली त्या रविवारी मावसबहिणीच्या साखरपुड्याला सोनगीरला गेली होती. बाकी आम्ही सगळे होतो. केळीच्या बाजूला मांडव, त्याच्या पलीकडे शेडमागे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ. वांगी तिकडे भाजली जात होती आणि इकडे भटूआबा लाकडी बडगीत मिरच्या-लसूण कुटत होते. भटूआबा आमच्या लाटेच्या यंत्रावर बोर्ड चढवतात. पण दरवर्षी बडगीवर त्यांचाच मान. शेडमागून गडी पाट्या भरभरून सोललेली वांगी आणून देत, आणि मिरच्या-लसूण-शेंगदाणे घातलेलं भरीत जाळावर परतायला पुन्हा शेडमागे नेत. द्रोणात भरीत आलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली. शेठ तर मांडवात बसलेच नाहीत. ते शेडमागे जाळापाशी उभं राहून गरम गरम खात होते. "इथून उचलून खाण्याची मजा वेगळीच," असं ते ओरडून सांगत होते. कशावरून उचलून, हे कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी लाइन सुरू झाली. लाटेआधी बोर्ड प्रीहीटरमधून जातो, तिथे तो हळूहळू तापतो. पहिली दहा-बारा पॅलेटं प्रीहीटरमध्ये शिरली आणि कारखानाभर लसणाचा खमंग वास सुटला.

भटूआबांनी नाक वर केलं. "आज डब्बामा भरीत कोन लयनं रे भो?"

कुणीच आणलं नव्हतं. वास वाढत गेला. त्यात तीळ-खोबरं नसलेल्या, निव्वळ मिरची-लसणाच्या फोडणीचा अस्सल वास होता. पॅकिंगचा एक जण उठून हात धुऊन आला. दोन जणांनी घड्याळ पाहिलं. मी टेबलावर पहिला बोर्ड जोडला आणि फोन लावायला मोबाइल उचलला, तर बल्ब आधीच पेटलेला. दुसरा जोडला. तोही पेटलेला. तिसरा पेटून विझून पुन्हा पेटला. थोड्या वेळात माझं टेबल हळदीच्या मांडवासारखं लखलखायला लागलं आणि मी अजून एकही फोन केला नव्हता. हे बोर्ड शेतात गेले असते तर अर्ध्या खानदेशात मोटारी आपोआप सुरू झाल्या असत्या. एखादा माणूस विहिरीत उतरलेला असताना झाल्या असत्या. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मी ओरडलो, "लाइन बंद!"

रूपाली धावत आली. तिनं लाटेवरून उतरलेलं पॅलेट हातमोजे घालून उचललं आणि लादीवर ठेवलं. कोपरा दाबला. पॅलेट डुगडुगलं. दुसरं ठेवलं, ते तर पाळण्यासारखं झुललं. तिनं बॅटरी मारली. पातळ भिंती जागोजाग तुटलेल्या. खालच्या अंगाला फायबरचे पापुद्रे सुटलेले. आणि वरून मात्र सगळी पॅलेटं इतकी लख्ख, की त्यात तोंड दिसावं.

"ही कुणी घासली?" ती म्हणाली. "तारेच्या घासणीनं घासलीत. राखेनं!"

तिनं एका खणात पिन घातली आणि काहीतरी बाहेर काढलं. भटूआबांनी चष्मा लावला.

"हाई काय शे?"

शेंगदाणा होता. अर्धा. भाजलेला.

आम्ही सगळे त्या शेंगदाण्याकडे असे बघत होतो, जणू तो आता जबाब देणार आहे.

तेवढ्यात चाव्या वाजल्या. हितेंद्रभाऊ आले, मागून शेठ. आज मुंबईला माल निघायचा होता, लाइन बंद पडल्याचं केबिनमध्ये कळलं होतं.

"पॅलेटची जबाबदारी कोणाची?" हितेंद्रभाऊंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. "रूपालीताईंची. बरोबर? नवीकोरी पॅलेटं महिनाभरात खराब. का? तर घासून घासून. मी आधीपासून शेठना सांगतोय, ही बाई जास्त धुते. तुमचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय ना?"

"संपतंय," रूपाली म्हणाली.

"मग शोभतं का हे?"

मला वाटलं, ती आता फुटणार. ती फुटली नाही. तिनं शेंगदाणा टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, त्यामुळे भटूआबा दोन पावलं मागे सरकले.

"बरोबर आहे, भाऊ. चूक होते माणसाकडून. मला एवढंच वाईट वाटतंय, की पॅलेटांत ठेवायच्या आधी वांगी तरी धुतली होती की नाही, कुणास ठाऊक."

"धुतली नव्हती म्हणजे?" हितेंद्रभाऊ उसळले. "दोन पाण्यांनी धुतली होती! मी स्वतः उभा होतो!"

लाटेचं यंत्र गुरगुरत होतं. हितेंद्रभाऊंच्या चेहऱ्यावर, आपण आत्ता काय बोललो, हे प्रीहीटरमधल्या बोर्डासारखं हळूहळू तापत गेलं.

"मग?" ते म्हणाले. "त्यात काय झालं? तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणालात, यावर वांगी भाजली तरी वाकणार नाही! शेठ, म्हणाली की नाही ही?"

"म्हणाली होती," शेठ म्हणाले. न्यायानं बोललं पाहिजे म्हणून म्हणाले.

"लाटेवर ते चार सेकंद असतं!" आता रूपालीचा आवाज डाळमिलच्या वर गेला. "चार सेकंद! तुम्ही ते निखाऱ्यावर किती वेळ ठेवलं?"

"वांगी शिजेपर्यंत."

"वांगी शिजेपर्यंत!" ती इतक्यांदा हेच म्हणाली, की शेवटी ते शिवीसारखं वाटायला लागलं. मग तिची मराठी संपली आणि सोनगीर सुरू झालं. "तुले काही समजस का? चाव्या लटकाडी फिरनं म्हणजे अक्कल येस का? आन् तेवढंच नही! ह्या पॅलेटवर रोज शिसं लागस. शिसं! म्हणून आम्ही डबा आत उघडत नाही. दारावर पाटी आहे, आत खायला मनाई!"

"म्हणूनच तर मी बाहेर नेली ना," हितेंद्रभाऊ म्हणाले.

एवढं बिनचूक उत्तर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आजही रात्री झोपताना आठवलं की उठून बसतो आणि भिंतीवर बुक्की मारतो.

शेठच्या मात्र डोक्यात दुसराच शब्द अडकला होता. त्यांचा हात पोटावर गेला. आधी एक, मग दुसरा.

"शिसं म्हणजे... ते विष असतं ते?"

"तेच."

"आणि ते भरतात उतरलं?"

"तेल, आंबट, मीठ, मिरची आणि जाळ. उतरेल नाही तर काय करेल?"

शेठ खुर्ची शोधायला लागले. त्यांनी थेट पॅलेटवरून, बोटांनी, गरम गरम खाल्लं होतं. त्यांना ते आठवतंय, हे आम्हाला दिसत होतं. "रूपाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "रूपालीताई." मग म्हणाले, "अक्का, मला काय होईल?" ती त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे.

"आधी माफी मागा," रूपाली म्हणाली. "मग सांगते."

आणि त्यांनी मागितली. हात जोडून, लाटेच्या यंत्रासमोर. "चूक झाली. तुमची काही चूक नाही. पॅलेटं नवी आणू. तुमचं कॉन्ट्रॅक्ट कशाला, कायम करतो. आता सांगा." हितेंद्रभाऊंनाही त्यांनी हात जोडायला लावले. हात जोडले तेव्हा चाव्यांचा जुडगा खाली पडला, आणि तो कुणीच उचलला नाही. भटूआबांनी डोळे पुसले. मीही टाळी वाजवणार होतो, पण एका हातात बोर्ड होता आणि त्याला जोडलेला बल्ब अजून पेटलेला होता.

"एकदा खाल्ल्यानं लगेच काही होत नाही," रूपाली म्हणाली. "पण सगळ्यांचं रक्त तपासा. सगळ्यांचं. आणि ही पॅलेटं आजच भंगारात काढा."

शेठ गाडीत बसून तसेच थेट गेले आणि रक्त तपासून आले. एकट्याचं.

रिपोर्ट आला, शेठचं रक्त चांगलं निघालं. देवाची कृपा. त्या दिवशी पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच आमच्या लक्षात यायला हवं होतं, की आता माफीचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी हितेंद्रभाऊंनी आम्हाला एकत्र बोलावलं. जुडगा पुन्हा कमरेला होता.

"शेठचा रिपोर्ट नॉर्मल आहे," ते म्हणाले. "म्हणजे कंपनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे."

"आमचं रक्त?" मी विचारलं.

"तू त्याच पातेल्यातलं खाल्लंस ना?"

"पातेल्यातलं नाही, पॅलेटमधलं."

"कोणतं पॅलेट?" त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, की मला क्षणभर स्वतःबद्दल शंका आली.

मग त्यांनी सगळं रीतसर उलगडून सांगितलं. शेठच्या रक्तात शिसं नाही, म्हणजे भरतात शिसं नव्हतं. भरतात शिसं नव्हतं, म्हणजे ते पॅलेटवर शिजलं नव्हतं. आणि बाहेर अशा चर्चा जाऊन कंपनीचं नाव खराब होण्यापेक्षा, भरीत झालंच नव्हतं असं धरलेलं बरं. त्या रविवारी आम्ही फक्त पुऱ्या खाल्ल्या. भरीत झालं नाही, म्हणून पॅलेटं खराब झाली नाहीत. पॅलेटं खराब झाली नाहीत, म्हणून नवी लागत नाहीत. चूकच झाली नाही, तर माफी कसली? शेठ त्या दिवशी हात जोडून यंत्राला नमस्कार करत होते. रूपाली मध्ये उभी होती.

"बठ्ठासनी खादं ना भो भरीत," भटूआबा म्हणाले. "मी सोता कुटं."

"आबा, तुम्ही काय कुटलं?"

"मिरच्या. लसून."

"बघा. वांगं कुटलं असं तुम्ही म्हणालाच नाहीत."

भटूआबा स्वतःच्या तळहातांकडे बघायला लागले. तीस वर्षं बडगी हाताळलेल्या माणसाला मी स्वतःच्याच हातांवर शंका घेताना पाहिलं, तेव्हा माझ्या हातात जे होतं ते फेकून मारावंसं वाटलं. हातात कालच्या पेढ्यांचा रिकामा पुडा होता. तो फेकून लागत नाही.

"आणि रूपालीचं कॉन्ट्रॅक्ट?" मी विचारलं.

"त्याचं असं आहे," हितेंद्रभाऊ म्हणाले. "बारा पॅलेटं महिनाभर वापरली आणि एकही खराब झालं नाही. मग त्यांची निगा राखायला स्वतंत्र माणूस कशाला? पॅलेटं सक्षम आहेत."

महिना संपला तसं तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तिनं मऊ ब्रश धुऊन, वाळवून जागेवर ठेवला. ग्रॅनाइटची लादी पुसली. निरोपाला आम्ही दारापर्यंत गेलो, तर ती आमच्यावरच चिडली. "तोंडं पाडून काय उभे राहिलात? रक्त तपासा म्हटलं होतं ना? तपासलं का? नाही ना? मग मला कशाला पोचवायला आलात, आत जा, जेवायला बसा!" आणि ती धुळ्याची गाडी पकडायला निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आम्ही कुठे तोंड लपवलं असतं, हा प्रश्नच आहे.

वाकलेली बारा पॅलेटं अजून लाटेवर चालतात. हितेंद्रभाऊंनी त्यांच्या कोपऱ्यांना रबरबँड लावून दिलेत. पहिल्याच फेरीत ते वितळले. मग नवे लावून दिले. बोर्डांवरचे सोल्डरचे पूल मी हातानं तोडतो, एकेक, दिवसभर. किती सुटून जात असतील मला माहीत नाही, आणि कुठल्या विहिरीवर कुठली मोटार आपोआप सुरू होत असेल तेही माहीत नाही. फोन वाजला की उचलायच्या आधी दोनदा नंबर बघतो. पॅलेटांचा वास अजून गेलेला नाही. दुपारी प्रीहीटर तापला की सगळ्यांना भूक लागते, आणि भूक लागली की आता मला राग येतो.

शेवटी मी आणि भटूआबांनी मिळून एक अर्ज केला. मजकूर माझा, सही दोघांची. अर्ज आवक-जावकच्या चावीवाल्या पेटीत टाकला आहे, आणि पेटीची चावी कुणाकडे आहे ते सांगायची गरज नाही.

प्रति, मा. व्यवस्थापकीय संचालक. विषय: भरीत परत घेण्याबाबत. महोदय, ज्या अर्थी सदर रविवारी भरीत झालेलेच नाही, त्या अर्थी आमच्या पोटात गेलेले भरीत आमचे नाही, आणि ते कंपनीच्या नोंद नसलेल्या मालात मोडते. असा माल कर्मचाऱ्यांनी स्वतःजवळ बाळगणे शिस्तीस धरून नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरी कंपनीने सदर भरीत त्यातील शिशासह आमच्याकडून रीतसर ताब्यात घ्यावे. ते ताब्यात घेणे, कोमट द्रावणात भिजवणे व न खरवडता स्वच्छ करणे या कामी अनुभवी व्यक्ती म्हणून कु. रूपाली यांची कायम पदावर तातडीने नेमणूक करावी. आणि त्यांच्या हाताखाली, मऊ ब्रश देऊन, श्री. हितेंद्र यांस काम पूर्ण होईपर्यंत उभे ठेवावे, ही नम्र विनंती.